यागी अँटेना

यागी अँटेना म्हणजे पूर्वी घरोघरी गच्चीवर नाहीतर कौलांवर लोखंडी पाइपाला बांधलेला असायचा तो माशाच्या काट्यासारखा अॅल्युमिनियमचा सांगाडा. मधे एक आडवा दांडा आणि त्यावर ओळीने बसवलेल्या नळ्या, बस. पूर्ण नाव यागी-उदा अँटेना. गंमत म्हणजे यातल्या फक्त एकाच नळीला वायर जोडलेली असते, बाकीच्या नुसत्या बसवलेल्या, कशालाही न जोडलेल्या, आणि तरी त्या काढल्या की चित्रात मुंग्या येतात. बऱ्याच लोकांना वाटायचं की जास्त काड्या म्हणजे जास्त लहरी "गोळा" होतात, पाऊस बादलीत पडतो तशा. तसं नाहीये, सगळा खेळ लांबीचा आहे.

रेडिओ लहरीची लांबी काढायचा सोपा हिशोब असा की ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमधे येतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते चॅनल ४ वर, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. लहर झाली साधारण साडेचार-पावणेपाच मीटरची. वायर जोडलेली नळी, जिला डायपोल म्हणतात, ती लहरीच्या निम्म्याहून जरा कमी ठेवायची, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणून ते जुने अँटेने एवढे अवाढव्य असायचे. तोच हिशोब २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला लावला तर अर्धी लहर जेमतेम ६ सेंटीमीटर येते, म्हणून राउटरची काडी बोटाएवढी असली तरी चालतं.

आता त्या न जोडलेल्या नळ्या. लहर आली की त्यांच्यातही करंट वाहतो आणि त्या स्वतः परत लहर फेकतात. मागची नळी, रिफ्लेक्टर, डायपोलपेक्षा साधारण ५ टक्के लांब असते, पुढच्या नळ्या म्हणजे डायरेक्टर थोड्या आखूड. या लांबीच्या फरकामुळे कोणाचा करंट जरा मागे राहतो कोणाचा जरा पुढे पळतो, आणि नळ्यांमधलं अंतर नीट धरलं असेल तर पुढून येणाऱ्या सिग्नलला सगळ्यांची बेरीज होते आणि मागून येणाऱ्याला वजाबाकी. वीज नाही, ट्रान्झिस्टर नाही, फुकटचा फायदा. तीन नळ्यांच्या साध्या यागीत समोरच्या दिशेला ७-८ डेसिबल मिळतात, म्हणजे सगळीकडे सारखं ऐकणाऱ्या अँटेन्याच्या पाच-सहा पट (३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, एवढं पाठ असलं की पुरे). पुढे कितीही डायरेक्टर लावत गेलं तरी दांड्याची लांबी दुप्पट केल्यावर ३ डेसिबलसुद्धा धड वाढत नाहीत, त्यामुळे वीस काड्यांचा अँटेना घेऊन मिरवण्यात फारसा अर्थ नसायचा.

शोध जपानचा, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातला, १९२६ च्या सुमाराचा. प्रयोगांचं बरंचसं काम शिंतारो उदा यांचं, पण पेटंट प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांच्या नावावर आणि १९२८ चा इंग्रजी लेखही यागींचाच, त्यामुळे जगाने उदांना विसरून टाकलं. जपानच्या लष्कराने तर दोघांकडेही लक्ष दिलं नाही. १९४२ मधे सिंगापूर पडल्यावर ब्रिटिशांच्या रडारच्या वह्या जपान्यांच्या हाती लागल्या, त्यात "यागी" हा शब्द सारखा येत होता आणि त्यांना तो कळेना, शेवटी एका ब्रिटिश कैद्यालाच विचारलं तर तो म्हणाला की हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे, असा किस्सा सांगतात. पुढे हिरोशिमावरच्या बॉम्बची उंची मोजणाऱ्या रडारलाही यागीच अँटेने होते.

छतावरून टीव्हीपर्यंत सिग्नल आणणं हे वेगळं प्रकरण, आणि बिघाड बहुतेक इथेच. साध्या डायपोलचा रोध (सिग्नलला होणारा विरोध, इम्पीडन्स) ७३ ओहमच्या जवळ असतो, तोच दुमडून लांबट कडं केलं की चौपट, ३०० च्या आसपास. म्हणून त्याला ती दोन तारांची चपटी वायर लावायचे, तीही ३०० ओहमची. ती स्वस्त, पण पावसात भिजली की सिग्नल खाते. नंतर गोल कोअॅक्सियल केबल आली, ती ७५ ओहमची, मग मधे बालन नावाची छोटी डबी लागते जी ३०० चे ७५ करते. ही डबी न लावता आमच्याकडे एकाने थेट वायर पिळून जोडली होती आणि वर सिग्नल मोठा करणारा बूस्टर विकला! रोध जुळला नाही की सिग्नलचा काही भाग आल्या वाटेने परत जातो, तो बूस्टर कसा आणणार. शिवाय बूस्टर टीव्हीजवळ लावून उपयोग कमी, कारण केबलमधे सिग्नल आधीच दमलेला असतो आणि मग त्याच्याबरोबर खरखरही मोठी होते. तो वर, अँटेन्याजवळच हवा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, तिथेही पहिला अॅम्प्लिफायर वर डिशच्या फोकसपाशीच बसवलाय, कारण तेच.

सिग्नल टीव्हीत शिरल्यावर ट्यूनर, म्हणजे चॅनल निवडणारा भाग, आपली एक स्वतःची लहर तयार करतो आणि दोन्ही मिसळतो. मुंबईच्या चॅनल ४ चं चित्र ६२.२५ मेगाहर्ट्झवर, ट्यूनरची लहर १०१.१५ वर, फरक ३८.९. चॅनल कुठलाही लावा, फरक तोच ठेवायचा, म्हणजे पुढची सगळी सर्किट एकाच फ्रिक्वेन्सीला घट्ट बसवता येतात.

डबल चित्र दिसायचं ते मात्र इमारतीवरून किंवा डोंगरावरून आपटून आलेल्या सिग्नलमुळे. ३०० मीटर जास्त फिरून आलेली लहर १ मायक्रोसेकंद उशिरा पोचते, तेवढ्यात पडद्यावरची रेघ रुंदीच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकी उजवीकडे सरकलेली असते, तिथे दुसरा निवेदक उगवायचा. गच्चीवर चढून "आता दिसतंय का" ओरडत अँटेना फिरवण्यामागे नुसता सिग्नल वाढवणं नव्हतं, हे आपटून येणारं पाहुणं यागीच्या बहिऱ्या बाजूला ढकलणं पण होतं.

दूरदर्शनची जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं आता बहुतेक बंद झालीत, पण यागी गेला नाही. हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, स्टीलच्या मोजपट्टीच्या तुकड्यांपासून घरी यागी बनवतात आणि १४५.८ मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाचा आवाज ऐकतात. जंगलात रेडिओ कॉलर लावलेल्या वाघाचा माग काढायलाही हातात धरायचा यागीच वापरतात. समोरची दिशा तशी रुंद असते, नेमकं टोक कळत नाही, मग डावीउजवीकडे आवाज सारखा पडेपर्यंत फिरवून मधली दिशा धरायची, नकाशावर रेघ मारायची, जीप थोडी पुढे नेऊन दुसरी रेघ, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे वाघ, अर्थात मधल्या वेळात तो उठून चालायला लागला नसेल तर.