दुखतो कान, बिघडलेली असते थायरॉईड

सर्दी-खोकला बरा होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात. एक दिवस गळ्याच्या पुढच्या बाजूला ठणका लागतो. घोट गिळला की कळ जबड्यातून थेट कानात जाते. शर्टाची कॉलर टेकली तरी नको वाटतं. कुणी दातांच्या डॉक्टरकडे जातं, कुणी कानाच्या. दाढ शाबूत, कानही साफ. वर छातीत धडधड, हाताला कंप, आणि पंख्याखाली बसूनही घाम.

हा सबअ‍ॅक्यूट थायरॉयडायटिस, म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आलेली दुखरी सूज. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं. तिशी ते पन्नाशीतल्या बायकांत तो जास्त दिसतो. कोविडनंतर तो झाल्याची पहिली नोंद २०२० मध्ये इटलीतल्या पिसा इथल्या डॉक्टरांनी केली. रुग्ण होती १८ वर्षांची मुलगी.

थायरॉईड जेमतेम १५-२० ग्रॅमची, पण भारी साठेबाज. कित्येक आठवडे पुरेल इतकं हार्मोन ती बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवते. विषाणूसंसर्गामागून ग्रंथीला सूज आली की या पिशव्या फुटतात आणि साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; रक्तात थायरॉईडचं हार्मोन वाढलं की ते घटतं) तळाला जातं, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) बऱ्याचदा ५० च्या वर, कधी शंभरीपार.

गफलत होते ती इथेच. रिपोर्ट बघून वाटतं, ग्रंथी जोरात चाललीय. प्रत्यक्षात कारखाना जवळपास बंद असतो, पडलेली असते ती गोदामाची भिंत. म्हणून तर ग्रंथीचं काम टिपणाऱ्या किरणोत्सारी स्कॅनमध्ये ग्रंथी धड दिसतही नाही. अशा वेळी हार्मोनचं उत्पादन रोखणारी कार्बिमाझोलची गोळी काय करणार? उपयोगी पडतात सूज उतरवणारी वेदनाशामकं, फारच दुखत असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड (त्याने एक-दोन दिवसांत गळा मोकळा होतो) आणि धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल. अर्थात, हे सगळं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

साठा संपला की काटा उलटा फिरतो. सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता. टीएसएच आता चढलेलं. नेमका हाच रिपोर्ट हातात आला तर ‘आता आयुष्यभर गोळी’ असा धसका बसतो. पण बहुतेकांची ग्रंथी काही महिन्यांत पूर्ववत होते. कायमची गोळी लागते ती शंभरातल्या साधारण ५ ते १५ जणांना. तुम्ही त्यांतले आहात का, हे दर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करत गेल्यावरच कळतं.