सव्वाशे दिवसांची धग

बेळगावच्या शहापूर भागातले सगळे माग अजून थांबलेले नाहीत. रात्री खडखडाट बंद झाला की गल्ली उघडी पडल्यासारखी होते, लांबचा बारीक आवाजही घरात येतो. त्या रात्री आला तो आरसा फुटल्याचा. वळणावर दोन गाड्या घासल्या होत्या. "कट तू मारलास." "दिसत नाही काय रे तुला?" इथवर ते दोघांचं होतं. कट्ट्यावरची चार पोरं उठून आली आणि ते गल्लीचं झालं. एक कानाखाली बसली. मार खाल्लेला पोरगा पलीकडच्या गल्लीतला. त्याने ना शिवी दिली ना हात उचलला. फुटका आरसा उचलला, "थांबा, आलो" एवढंच म्हणाला आणि गाडी वळवली.

गल्लीत दिवस काढलेल्यांना माहीत आहे, शिव्यांना घाबरायचं नसतं. घाबरायचं ते "थांबा, आलो" ला.

अर्ध्या तासात त्याचा स्टेटस पडला. सिंहाचा फोटो, खाली "वेळ सगळ्यांची येते". तोवर कुणीतरी तालमीतल्या वस्तादांना निरोप दिला होता. वय सत्तरीच्या पुढे, उमेदीची वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत गेलेली, गुडघे आता आखाड्यात उतरू देत नाहीत. ते पोलिसांकडे गेले नाहीत, पंचांनाही उठवलं नाही. लंगडत पलीकडच्या गल्लीत गेले. तिथे सात-आठ पोरं जमली होती आणि एकाच्या हातात गाडीच्या डिकीतून काढलेलं काहीतरी टॉवेलात गुंडाळलेलं होतं. वस्तादांनी भांडणाचा विषयच काढला नाही. मार खाल्लेल्या पोराला म्हणाले, "सिव्हिलला बहिणीला डबा पोचवायचाय, रिक्षा मिळेना झालीय. गाडी काढ गा जरा." वस्तादांना नाही कोण म्हणणार? दोघं परतले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि पोरं पांगली होती. बहीण खरंच ॲडमिट होती का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

आपण याला मिटवामिटवी म्हणतो आणि सोडून देतो. पण त्या दोन तासांत नेमकं काय घडलं, हे मोजायचा प्रयत्न जगात बऱ्याच जणांनी केला आहे.

डेव्हिड मॅट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये एक साधं पण विलक्षण निरीक्षण मांडलं. टोळक्यातल्या पोरांना एकेकटं गाठून विचारलं, तर मारामारीची हौस त्यांच्यात आपल्याला वाटते तेवढी नसते. पण प्रत्येकाची खात्री असते की बाकीच्यांना ती आहे. मग जो तो बाकीच्यांच्या नजरेत कमी पडू नये म्हणून एक पाऊल पुढे टाकतो, आणि ते पाऊल पाहून बाकीच्यांची खात्री आणखी पक्की होते. त्या रात्री टॉवेल धरून उभ्या असलेल्या पोराला ते जड हत्यार घरी न्यावंसं वाटत नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगेल? त्याला तसं म्हणता येत नव्हतं, एवढंच.

वयाचाही यात वाटा आहे. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना संगणकावर गाडीचा खेळ खेळायला लावला. पडद्यावर गाडी चाललेली, पिवळा दिवा लागलेला. लाल दिव्याबरोबर समोर भिंत येणार, पण कधी ते कळणार नाही. जितकं पुढे जाल तितके गुण, धडकलात तर सगळे गेले. एकटं बसवलं तेव्हा तेरा ते सोळा वर्षांची पोरं आणि चोविशीपुढची माणसं यांच्यात फार फरक दिसला नाही. मग मागे दोन ओळखीचे उभे केले. मोठ्यांची गाडी होती तिथेच थांबत राहिली. पोरांची भिंतीच्या दिशेने सुटली. अठरा ते बावीसचा गटही मधे कुठेतरी घसरला. म्हणजे धोका कळण्याची अक्कल पोरांना नसते असं नाही. ती असते, पण बघ्यांसमोर ती गप्प बसते.

आता वस्तादांचा डबा पुन्हा पाहा. त्यांनी पोराला उपदेश केला नाही, त्याला बघ्यांपासून उचलून नेलं. आणि नेलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अशा कामाला की जाण्यात माघार दिसणार नाही. हे त्यांना कुठल्या प्रयोगाने शिकवलं नव्हतं. कुस्ती सोडवताना दोघांचीही पाठ लागू द्यायची नाही, हे मात्र ते आयुष्यभर करत आले होते.

त्या रात्री कुणाचं रक्त सांडलं नाही. पण भांडण संपलं का?

बेन ग्रीन, थिबो होरेल आणि अँड्र्यू पॅपाक्रिस्टोस या संशोधकांनी शिकागो शहरातल्या अटकेच्या नोंदी घेतल्या, कोण कोणाबरोबर पकडला गेला याच्या. त्यांतून १,३८,१६३ जणांचं एक जाळं तयार झालं. मग २००६ ते २०१४ या काळात त्या जाळ्यातल्या कुणाला, कधी गोळी लागली हे त्यावर मांडलं. अशा ११,१२३ घटना होत्या. त्यांपैकी सुमारे ६३ टक्के घटनांचा माग आधी गोळी लागलेल्या ओळखीच्या माणसाकडे जात होता, जसा गोवराचा माग वर्गातल्या दुसऱ्या पोराकडे जातो. २०१७ मध्ये हा अभ्यास छापून आला. शिकागो ते बेळगाव अंतर मोठं आहे, तिथे पिस्तूल, इथे फार तर कोयता किंवा तलवार. तरी मला त्यातला एक आकडा झोपू देत नाही. एका माणसाला लागलेली गोळी आणि तिच्यातून उठलेली दुसरी, यांत सरासरी अंतर होतं १२५ दिवसांचं.

सव्वाशे दिवस म्हणजे चार महिने. आपण भांडण चार दिवसांत थंड झालं असं समजतो. पंच देवळात बसतात, दोघांना हात मिळवायला लावतात, चहा होतो, विषय संपतो. पण धग राखेखाली असते, आणि ती ज्याच्या अंगावर येते तो कित्येकदा पहिल्या भांडणात नव्हताच. तो नुसता कुणाचा तरी मित्र असतो.

कर्नाटकात पोलीस ठाण्यात ‘रावडी शीट’ असते, म्हणजे उपद्रवी माणसांची यादी. निवडणुका, मिरवणुका आल्या की यादीतल्यांना बोलावून ताकीद दिली जाते. ताकदीचं साधन आहे, नाकारत नाही. पण यादीत नावं असतात आणि या अभ्यासाने दाखवलेला धोका नावांमधल्या रेषांमध्ये आहे. यादीत कधीच न आलेलं, आयटीआयला जाणारं, पण मार खाल्लेल्या दोघांचा जिगरी असलेलं पोरगं हे या क्षणी यादीतल्या निवृत्त दादापेक्षा जास्त धोक्यात असू शकतं. त्याच्या घरी कोण जाणार? आणि गेलंच तर कुठल्या भाषेत? ठाण्यातला कागद कन्नड, घरातली रडारड मराठी, शिव्या दोन्हींत.

गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने या प्रश्नाला एक उत्तर दिलं. सॅन फ्रान्सिस्कोत क्षय, सोमालियाच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा, मग आफ्रिकेत एड्स अशी कामं करून तो शिकागोला परतला, आणि तिथल्या गोळीबाराचे नकाशे पाहून त्याला कॉलऱ्याचे नकाशे आठवले. २००० मध्ये वेस्ट गारफील्ड पार्क या वस्तीत त्याने जो प्रयोग सुरू केला त्याचा गाभा होता ‘मध्ये पडणारी माणसं’. एकेकाळी स्वतः टोळीत असलेली, आता बाहेर पडलेली, रात्री रस्त्यावर फिरणारी, पगारी. कुठे काय शिजतंय हे त्यांना आधी कळतं आणि त्यांचं ऐकलं जातं. पोलिसांना ते खबर देत नाहीत. दिली तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी कोण बोलेल?

शिकागोच्या काही वस्त्यांत गोळीबार उतरल्याचं स्वतंत्र पाहणीतही दिसलं. काही वस्त्यांत फरक सांगता आला नाही. पिट्सबर्गमध्ये त्याच धर्तीवर केलेल्या कार्यक्रमाने खून कमी झाल्याचं आढळलं नाही. म्हणून याला लस म्हणणाऱ्यांपासून मी जरा लांब राहतो. दुसरंही एक खटकतं. हिंसा हा साथीचा रोग आहे असं म्हटलं की सगळे रुग्ण होतात. कॉलऱ्याच्या जंतूमुळे कुणाच्या जागेचा व्यवहार होत नाही. पोरांच्या मारामारीमुळे होतो. कुणाची वसुली चालते, कुणाच्या प्रचाराला फुकट गर्दी मिळते. साथीची उपमा पोरांना लागू आहे, त्यांना पाळणाऱ्यांना नाही.

आपल्याला जवळचं उदाहरण शिकागोपेक्षा ग्लासगोचं आहे, कारण तिथला प्रश्न पिस्तुलाचा नव्हता, चाकूचा होता. वस्तीवस्तीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या टोळ्या, आणि या रस्त्याच्या पोराने त्या रस्त्यावर जायचं नाही असा अलिखित कायदा. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला. त्यामागे दोन माणसं होती, खुनांचा तपास केलेले जॉन कार्नोकन आणि विश्लेषक कॅरिन मक्लस्की. मक्लस्की आधी नर्स होत्या, आणि मला वाटतं तो फरक दिसतो. २००८ पासून त्यांनी टोळ्यांतल्या पोरांना शहराच्या न्यायालयात बोलावलं, पण खटल्यासाठी नाही. पोलिसांनी सांगितलं, यापुढे एकाने चाकू काढला तर सगळ्या टोळीच्या मागे लागू. मग शल्यविशारदाने कापलेल्या चेहऱ्यांबद्दल सांगितलं. मग एक आई उभी राहिली आणि आपल्या मुलाबद्दल बोलली. शेवटी एक फोन नंबर दिला गेला: सोडायचं असेल तर शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, जे लागेल त्यासाठी.

पुढे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात या पोरांमधले हत्यार बाळगण्याचे गुन्हे ८४ टक्क्यांनी घटले, तुलनेसाठी घेतलेल्या गटात ४० टक्क्यांनी. मारामारीतली घट मात्र दोन्ही गटांत तितकी ठामपणे वेगळी ठरली नाही. मला हा अर्धवट निकालच जास्त विश्वासाचा वाटतो. पोरं भांडत राहिली असतील, पण खिशात चाकू कमी होता. ज्याने टाके घालताना पाहिलेत त्याला या दोन गोष्टींतलं अंतर सांगावं लागत नाही.

टाक्यांवरून आठवलं. आपल्याकडे मार खाऊन दवाखान्यात गेलेला पोरगा काय सांगतो? "गाडीवरून पडलो." कारण खरं सांगितलं तर एमएलसी होते, म्हणजे दवाखान्यातून पोलिसांना कळवायची केस, पोलीस येतात, जबाब होतो, बापाला कामावरची सुट्टी काढावी लागते. डॉक्टरला जखम बघून कळतं की रस्ता असं सरळ रेषेत कापत नाही. तोही लिहायचं ते लिहितो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जबड्याचे शल्यविशारद जोनाथन शेफर्ड यांना हेच दिसलं, की त्यांच्या टेबलावर येणाऱ्या मारहाणीतल्या बऱ्याचशा जखमा पोलिसांच्या दप्तरी नसतातच. त्यांनी एक साधी व्यवस्था लावली. दवाखान्याच्या काउंटरवर प्रत्येक जखमीला विचारायचं: कुठे झालं, किती वाजता, कशाने मारलं. नाव गाळून हे पोलीस आणि नगरपालिकेला द्यायचं. मग कळलं की मारामाऱ्या शहरभर नसतात, ठरावीक कोपऱ्यांवर आणि ठरावीक तासांना असतात. गस्त तिकडे वळली. २०११ मध्ये छापलेल्या पाहणीत, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये मारहाणीमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. यात नाव लागत नाही, हे महत्त्वाचं. नाव लागत नसेल तर "गाडीवरून पडलो" म्हणायची गरजही उरत नाही.

कोपऱ्यांवरही प्रयोग झाला आहे. फिलाडेल्फियात ५४१ पडीक जागा निवडून त्यांतल्या काही साफ केल्या, गवत लावलं, थोडी झाडं, कमरेएवढं लाकडी कुंपण. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवती गोळीबार २९ टक्क्यांनी घटला. आपल्या नव्या लेआउटमधले काँग्रेस गवताने भरलेले, रात्री बाटल्या फुटण्याचा आवाज येणारे प्लॉट आठवा. त्यांना कुणी विज्ञानाचा विषय समजत नाही.

वस्तादांना मी एकदा तो शिकागोचा आकडा सांगितला. तालमीच्या पायरीवर बसले होते, आत दोन पोरं हौदातली लाल माती उकरत होती, ताक आणि तेल घालायचं होतं. त्यांतला एक त्या रात्रीचा होता. "सव्वाशे?" ते म्हणाले. "कमी सांगितलंय की गा त्यांनी. मी गणपती ते शिवजयंती मोजतो."

बेळगावकराला हे फोड करून सांगावं लागत नाही. अनंत चतुर्दशीला निघालेली मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत पोहोचता पोहोचता दुसरा दिवस उजाडतो, आणि सगळ्या गल्ल्यांची पोरं एकाच रस्त्यावर खांद्याला खांदा लावून असतात. तशीच ती पुन्हा एकत्र येतात वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांना. गणपतीत नाचताना बसलेला धक्का तिथे उठतो. मधले सात-आठ महिने दोन्हीकडची पोरं एकमेकांची गल्ली टाळतात आणि सगळ्यांना वाटतं, मिटलं.

"मग मधे काय करता?"

"काय करणार? विचारत राहायचं." ते आत वळून ओरडले, "आरसा बसवलास काय रे गाडीला?"

माती उकरणाऱ्याने वर बघितलं नाही. "नाही वस्ताद."

"अजून नाही," ते मला म्हणाले.