धडधड थांबवायची कशाला?

गेल्या मार्चमध्ये भाचीला दहावीच्या गणिताच्या पेपरला सोडायला मी गेले होते. केंद्राच्या फाटकापाशी तिनं माझा हात घट्ट धरला. तिची बोटं बर्फासारखी गार पडली होती. "मावशी, छातीत बघ कसं धडधडतंय. मी सगळं विसरणार आज." आजूबाजूचे आईबाप आपापल्या मुलांना एकच सांगत होते: शांत हो, अजिबात टेन्शन घेऊ नकोस. मीही तेच म्हणाले. वीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवूनही माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं, याची मला अजून चुटपुट लागते. त्या क्षणी शांत होणं त्या मुलीला शक्यच नव्हतं, आणि तशी गरजही नव्हती.

समोर आव्हान दिसलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे शरीराला झटपट सज्ज करणाऱ्या चेतांच्या जाळ्याला, जागं करतो. तिचे तंतू थेट हृदयापर्यंत आणि रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. काही तंतू मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतात, आणि तिथून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सुटतं. हे रसायन काही मिनिटांतच विरतं खरं, पण प्रश्नपत्रिका समोर असेपर्यंत नळ चालूच असतो. कुणी "शांत हो" म्हटल्यानं तो बंद होत नाही. उलट, सांगूनही आपल्याला शांत होता येत नाही, ही आणखी एक काळजी मागे लागते.

तणावाला वाईट नाव कसं मिळालं, त्याचाही इतिहास आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली याच प्रतिक्रियेचं वर्णन केलं, तेव्हा तिच्याकडे जीव वाचवणारी तयारी म्हणूनच पाहिलं होतं. पुढे १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं. थंडी, इजा, विषारी द्रव्यं, अतिश्रम, उंदरांना काहीही दिलं तरी परिणाम सारखेच दिसत होते: अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकाराशी निगडित थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. तिथून 'स्ट्रेस' म्हणजे झिजवणारी गोष्ट हे समीकरण रूढ झालं. सेल्ये यांनी स्वतः १९७०च्या दशकात चांगला ताण आणि वाईट ताण असा भेद केला, पण तोवर बदनामी घरोघरी पोचली होती.

आता मला ज्या गोष्टीचं सगळ्यात अप्रूप वाटतं, तिच्याकडे वळते. हृदयाची धडधड एकच दिसते, पण तिच्यामागे शरीराच्या दोन अगदी वेगळ्या अवस्था असू शकतात. नाडीवर बोट ठेवून त्या ओळखता येत नाहीत.

शाळेतला ओहमचा नियम आठवा: विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. रक्ताभिसरणालाही हेच सूत्र लागू पडतं: रक्तदाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाह हृदय ठरवतं. आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा ठोके देतं आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. रोध ठरवतात त्या रोहिण्यांच्या अगदी बारीक फांद्या, रोहिणिका. त्यांच्या भिंतीत स्नायूंचं कडं असतं. ते आवळलं की नळी अरुंद होते, सैल सोडलं की रुंद.

ही रुंदी किती महत्त्वाची, ते पाहिलं की मी दर वर्षी नव्यानं थक्क होते. नळीतला रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी वाढली, तर १.१ चा चौथा घात १.४६, म्हणजे तेवढ्याच दाबाला जवळजवळ दीडपट रक्त जातं. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तर रोधच दीडपट होतो. अंगभर पसरलेल्या लाखो रोहिणिकांनी केसभर कूस बदलली, तरी साऱ्या रक्ताभिसरणाचा नूर पालटतो.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. आरामात सरासरी दाब ९५, प्रवाह ५ लिटर, म्हणून रोध १९. एका परीक्षार्थीचं हृदय १०० ठोके देतंय, दर ठोक्याला ७५ मिलिलिटर, प्रवाह साडेसात लिटर. रोहिणिका उघडल्यामुळे रोध १४ वर आला, दाब १०५. दुसऱ्याचं हृदय ९० ठोके देतंय, पण आवळलेल्या वाहिन्यांशी झुंजत दर ठोक्याला ६०च मिलिलिटर ढकलतंय. प्रवाह जेमतेम ५.४ लिटर, रोध २२, दाब ११९. दोघांचीही छाती धडधडते आहे. पहिल्याचं शरीर मैदानात धावणाऱ्या खेळाडूसारखं आहे, दुसऱ्याचं मार चुकवायला अंग चोरून उभं राहिलेल्या माणसासारखं. मानसशास्त्रज्ञ जिम ब्लास्कोविच आणि जो टोमाका यांनी १९९०च्या दशकात या दोन अवस्थांना 'आव्हान' आणि 'धोका' अशी नावं दिली.

रोहिणिका कधी उघडतात आणि कधी मिटतात? स्नायूंमधल्या रोहिणिकांवर अ‍ॅड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारे बीटा-२ ग्राही असतात, त्यांनी नळी सैलावते. अल्फा-१ ग्राहींवर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे अनुकंपी तंतूंच्या टोकांतून सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिनचं भावंड, बसलं की ती आवळते. संशोधकांचा मुख्य तर्क असा, की धोक्याच्या अवस्थेत हायपोथॅलॅमस, पियूषिका आणि अधिवृक्क ग्रंथीचं बाह्यक ही कॉर्टिसॉल सोडणारी साखळी जोरात चालते आणि वाहिन्या उघडणारा अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम मागे पडतो. त्वचेतल्या वाहिन्यांवर मात्र अल्फा ग्राहींचंच राज्य आहे, म्हणून त्या दोन्ही अवस्थांत मिटू शकतात. माझ्या भाचीची बोटं गार होती यावरून ती घाबरली होती की सज्ज होती, हे सांगताच आलं नसतं.

हे सगळं मोजता येतं, सुई न टोचता. मान आणि छातीवर इलेक्ट्रोड लावून अगदी क्षीण विद्युतधारा सोडतात. रक्त विजेचं चांगलं वाहक असल्यानं प्रत्येक ठोक्याला छातीचा विद्युत रोध बदलतो, त्यावरून ठोक्यागणिक किती रक्त गेलं याचा अंदाज येतो. दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, की भागाकार करून वाहिन्यांचा रोध निघतो.

मग कोणती अवस्था येणार, हे ठरवतं कोण? मेंदूचा एक झटपट हिशेब: समोरची मागणी किती, आणि माझ्यापाशी सामग्री किती. या हिशेबात एक चूक आपण हमखास करतो. धडधड, घाम, भरभर चालणारा श्वास यांना आपण मागणीच्या बाजूला लिहितो, "बघ, मी कोसळतोय" याचा पुरावा म्हणून. खरं तर त्या सामग्रीच्या बाजूच्या गोष्टी आहेत.

२०१० साली मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी हीच नोंद बदलून पाहिली. जीआरई या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सराव पेपरआधी एवढंच सांगितलं, की परीक्षेतली घालमेल कामगिरी बिघडवतेच असं नाही, ती मदतही करू शकते. या गटाला गणितात जास्त गुण पडले, पुढे खऱ्या परीक्षेतही. मला भावला तो लाळेचा निकाल. आपण शाळेत लाळेतलं पिष्ट पचवणारं विकर शिकलो ना, अमायलेज? अनुकंपी चेतासंस्था चेतवली की ते लाळेत वाढतं. सल्ला मिळालेल्या गटात ते कमी झालं नव्हतं, वाढलं होतं! ती मुलं शांत झालीच नव्हती. जास्त चेतवली गेली होती, आणि गणितं जास्त चांगली सोडवत होती.

जेमिसन यांच्याच २०१२च्या प्रयोगात माणसांना परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं. एका गटाला वरचाच सल्ला, दुसऱ्याला "तणावाच्या कारणाकडे लक्ष देऊ नका" असा, तिसऱ्याला काहीच नाही. सल्ल्यानं दृष्टी बदललेल्या गटात हृदयानं जास्त रक्त ढकललं आणि वाहिन्यांचा रोध घटला. शिवाय नंतरच्या चाचणीत धोक्याच्या शब्दांकडे त्यांचं लक्ष कमी ओढलं गेलं. मला वाटतं पेपरमध्ये फायदा होतो तो इथे. मेंदू स्वतःचा रक्तपुरवठा बराचसा स्थिर राखतो, त्यामुळे "मेंदूला जास्त रक्त मिळालं" असं सरळ म्हणता येणार नाही. पण धोका हुंगत फिरणारं लक्ष मोकळं होऊन प्रश्नाकडे वळतं.

२०१४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी याहून साधा प्रयोग केला. लोकांसमोर गाण्याआधी काहींनी "मी घाबरलोय" म्हणायचं, काहींनी "मी उत्सुक आहे", काहींनी काहीच नाही. यंत्रानं मोजलेली गाण्यातली अचूकता अनुक्रमे सुमारे ५३, ८१ आणि ६९ टक्के होती. भीतीतून शांततेकडे जायचं तर वेगानं धावणारं शरीर थांबवावं लागतं. भीतीतून उत्सुकतेकडे जाताना वेग तोच राहतो, फक्त दिशा बदलायची असते.

हे वाचून कुणी "सकारात्मक विचारांची कंपनं" विकायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. परीक्षेच्या मोसमात अभिमंत्रित पेनं आणि सरस्वती यंत्रं विकली जातात, हल्ली "कॉर्टिसॉल डिटॉक्स"ची चूर्णंही. कॉर्टिसॉल हे विष नव्हे, सकाळी आपल्याला उठवण्यात त्याचा हात असतो. वर सांगितलेल्या प्रयोगांतले गट लहान होते आणि या युक्तीनं होणारा फरक सहसा माफकच असतो. शिवाय तिला अभ्यास आधी झालेला लागतो. सामग्रीच नसेल तर हिशेब नव्यानं मांडून काय मिळणार?

आणि हे सगळं काही मिनिटांच्या, काही तासांच्या ताणाबद्दल आहे. कर्जाचे हप्ते, रोजची बारा तासांची पाळी, घरातली मारहाण, यांत पिचलेल्या माणसाला "दृष्टिकोन बदला" म्हणणं मला क्रूर वाटतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, आणि भीतीशी निगडित अमिग्डालात त्या उलट फोफावल्या. मग एकवीस दिवस उंदरांना मोकळं सोडलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डालातली वाढ तशीच राहिली.