प्रोब ‘ओके’ म्हणजे नेमकं काय? सोनोग्राफी प्रोबच्या सेल्फ-टेस्टची पार्श्वभूमी

सोनोग्राफीचं यंत्र सुरू केलं की ते आधी स्वतःची तपासणी करतं आणि मगच चित्र दाखवतं. या तपासणीत प्रोबही, म्हणजे पेशंटच्या अंगावर फिरवायचा भागही, बघितला जातो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती तपासणी वीजपुरवठा, आतले बोर्ड, मेमरी आणि सॉफ्टवेअर यांची असे. प्रोबच्या बाबतीत यंत्र फक्त कनेक्टरमधला ओळखक्रमांक वाचायचं: कोणत्या जातीचा प्रोब जोडलाय, एवढंच. त्या प्रोबमधल्या, ध्वनी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या, किती क्रिस्टलमध्ये जीव आहे, हे त्याला ठाऊक नसे. ‘सेल्फ-टेस्ट’ या शब्दाचा घोळ इथूनच सुरू होतो आणि तो अजून सुटलेला नाही.

प्रोबमध्ये एकच क्रिस्टल असायचा तेव्हा हा प्रश्नच नव्हता. क्रिस्टल गेला की चित्र गेलं, बिघाड लपायला जागा नव्हती. ओळीने क्रिस्टल मांडलेले प्रोब दवाखान्यांत रुळले आणि परिस्थिती उलटली. १२८ किंवा १९२ इलेमेंट, म्हणजे छोटे क्रिस्टल, प्रत्येकाला केबलमधून केसासारखी बारीक स्वतंत्र तार. त्यातले चार-सहा मेले तरी चित्र येतच राहतं, कारण प्रत्येक रेषा अनेक इलेमेंट मिळून काढतात. मेलेल्यांची उणीव शेजारी झाकतात, पण किरण पसरट होतो. बाजूला गळणारी ऊर्जा वाढते. काळ्याभोर दिसायला हव्या त्या सिस्टमध्ये (पाणी भरलेल्या गाठींमध्ये) राखाडी धुकं भरतं आणि रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरच्या आकड्यांवरचा भरवसा कमी होतो. बघणाऱ्या डॉक्टरला वाटतं, पेशंटच जाड आहे.

तपासणीची सवय मात्र जुन्या काळातलीच राहिली. फँटम, म्हणजे शरीराऐवजी वापरायचा चाचणीचा ठोकळा, ठेवायचा, त्यातल्या तारांमधलं अंतर मोजायचं, किती खोलवर दिसतं ते बघायचं. अॅनालॉग यंत्रांत मोजमापं सरकायची, तेव्हा हे गरजेचं होतं. डिजिटल यंत्रांत ती सहसा सरकत नाहीत. बिघडतो तो प्रोब, कारण तोच हातातून पडतो, त्याच्याच केबलवरून ट्रॉलीचं चाक जातं आणि चुकीच्या जंतुनाशकाने त्याच्याच तोंडावरची लेन्स सुटते. नेमक्या त्याच भागाकडे फँटम नीट बघत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात प्रोब यंत्रापासून काढून एकेक इलेमेंट स्वतंत्रपणे तपासणारी उपकरणं वापरात आली. प्रोब पाण्यात, समोर सपाट परावर्तक. प्रत्येक इलेमेंटचा प्रतिध्वनी किती जोराचा आणि त्याची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किती, याचा आलेख निघायचा. स्वीडनमध्ये असंच उपकरण घेऊन ३२ रुग्णालयांतले रोजच्या वापरातले ६७६ प्रोब तपासले गेले. २००९ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा ३९.८ टक्के प्रोब सदोष निघाले होते. हे अडगळीतले प्रोब नव्हते, त्याच आठवड्यात त्यांच्यावर निदानं झाली असणार. सर्वाधिक दोष दोन होते: लेन्सचे थर सुटणं आणि केबलमधल्या तारा तुटणं. पुढच्या वर्षी १३ ठिकाणच्या २९९ प्रोबांचा पाठपुरावा छापला गेला. त्यात वर्षभरातच २७.१ टक्के प्रोबांत दोष आढळले. वर्षातून एकदा तपासणं पुरेसं नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. प्रोब बाहेर नेऊन तपासण्याची पद्धत दर महिन्याला कुणालाच परवडणारी नाही. त्यामुळे यंत्रानेच प्रोब तपासावा या मागणीला खरा जोर इथून आला.

दुसरं कारण प्रोबच्या बांधणीतच होतं. २००२ च्या सुमारास हृदयाच्या त्रिमितीय चित्रांसाठी हजारो इलेमेंटचे मॅट्रिक्स प्रोब बाजारात आले. हजारो तारा केबलमध्ये मावत नाहीत, म्हणून सिग्नल एकत्र करणारं इलेक्ट्रॉनिक्स प्रोबच्या मुठीतच बसवलं गेलं. बाहेरच्या उपकरणाला एकेका इलेमेंटपर्यंत पोचायचा रस्ता बंद झाला. आत काय आहे ते उत्पादकाच्याच सॉफ्टवेअरला विचारायचं, एवढाच मार्ग उरला. परीक्षा देणारा आणि घेणारा एकच झाला. हे तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य होतं हे मान्य, पण त्याची किंमत वापरणाऱ्यांना मोजावी लागते आहे.

यंत्रातली ही नवी तपासणी दोन जातींची असते आणि दोन्हींना नाव एकच. पहिली विद्युत तपासणी. प्रत्येक वाहिनीची कपॅसिटन्स किंवा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) मोजायचा. तार तुटली असेल तर आकडा पडतो, आणि किती पडला यावरून तार कनेक्टरजवळ तुटली की मुठीजवळ, याचा अंदाजही येतो. दुसरी ध्वनितपासणी. प्रोब स्वच्छ पुसून कोरडा, हवेत धरायचा. लेन्स आणि हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. प्रत्येक इलेमेंटला आलेला हा प्रतिध्वनी शेजाऱ्यांशी किंवा कारखान्यात साठवलेल्या नोंदीशी ताडून बघायचा. जेलचा थेंब राहिला तरी निकाल बिघडतो.

या दोहोंत फरक किती, तर जीवघेणा. लेन्स क्रिस्टलपासून सुटली तरी तार शाबूत असते, क्रिस्टलही शाबूत असतो. विद्युत तपासणी त्याला बिनदिक्कत पास करते, पण ध्वनी मात्र बाहेर पडतच नाही. म्हणजे स्वीडनमध्ये सर्वाधिक आढळलेल्या दोन दोषांपैकी एक या तपासणीच्या नजरेतून सुटतो. तरीही तिन्ही गोष्टींना, म्हणजे चालू होतानाची तपासणी, विद्युत तपासणी आणि ध्वनितपासणी यांना, माहितीपत्रकांत ‘सेल्फ-टेस्ट’ हाच एक शब्द असू शकतो. खरेदीच्या टेबलावर हे विचारलं गेलं पाहिजे.

वादाचा दुसरा मुद्दा मर्यादेचा. किती इलेमेंट मेल्यावर प्रोब नापास? विखुरलेले चार आणि शेजारी-शेजारी असलेले चार, यांचा चित्रावरचा परिणाम सारखा नसतो. जेमतेम ६४-८० इलेमेंटच्या कार्डियाक प्रोबमध्ये चार म्हणजे बरेच झाले. शिवाय पूर्ण मेलेला आणि निम्म्या जोराचा यांना एकाच खान्यात टाकायचं का? उत्पादकांचं म्हणणं, नुसते आकडे दाखवले तर चांगले प्रोबही घाबरून बदलले जातील. त्यात तथ्य आहे. पण त्याच कारणाखाली काही यंत्रांत इलेमेंटवार आलेख सर्व्हिस मेनूत, पासवर्डमागे राहिला आणि वापरणाऱ्याला फक्त हिरवी खूण मिळाली. प्रोब वॉरंटीत आहे की नाही, करारात धरलाय की नाही, हे ज्याच्या खिशाला भिडतं त्यालाच पास-नापासची रेघ ओढू देणं मला योग्य वाटत नाही. आलेख दाखवावा, मर्यादा छापावी, निर्णय दवाखान्याने घ्यावा.

स्कॅनरची स्थिरता ठरावीक काळाने साध्या पद्धतींनी तपासण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवज २०१६ मध्ये आला. पुढच्याच वर्षी सिलिकॉन चिपवर सुमारे ९००० सूक्ष्म इलेमेंट असलेल्या, मोबाईलला जोडायच्या प्रोबला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या ॲपमध्ये निदान-चाचणी वापरणाऱ्यालाच चालवता येते. मोठ्या यंत्रांत जे वर्षानुवर्षं मागावं लागलं, ते इथे हातातल्या मोबाईलवर आलं.

आपल्याकडे सोनोग्राफी यंत्राची नोंद अत्यंत काटेकोर असते, पण ती १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यासाठी. यंत्र कुठे आहे, कोण वापरतं, हे तो कायदा बघतो आणि बघायलाच हवं. चित्र किती खरं आहे, हा त्याचा विषय नाही. एक्स-रे यंत्राला किरणोत्सर्ग असल्यामुळे ठरावीक काळाने गुणवत्ता-तपासणी सक्तीची आहे. सोनोग्राफीला किरणोत्सर्ग नाही, म्हणून ती त्या चौकटीबाहेर राहिली.

त्यामुळे जुन्या यंत्रांवर भिस्त आहे ती हातच्या तपासणीवर. कोरडा प्रोब हवेत धरायचा, चित्र सफाईदार करणाऱ्या हार्मॉनिक आणि कंपाउंडिंग या सोयी बंद, फोकस वर. चित्रातल्या वरच्या आडव्या पट्ट्यांत उभी काळी रेघ दिसली तर तिथले इलेमेंट संशयित. मग सरळ केलेली, कागद अडकवायची धातूची क्लिप आडवी धरून लेन्सवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलकेच सरकवायची. तिचा उजळ पट्टा ज्या जागी विझतो, ती जागा तारखेनिशी वहीत लिहून ठेवायची.