एकशे चार गुण गेले कुठे?

मंगळवारी रात्री माझं ऑनलाइन बुद्धिबळाचं रेटिंग १२५२ होतं, शनिवारी रात्री ११४८. मधल्या दिवसांत वेगळं काहीच घडलं नव्हतं. जेवणं झाली, ओटा आवरला की पाच-पाच मिनिटांचे डाव, नेहमीसारखेच. शनिवारच्या शेवटच्या डावात माझं एक प्यादं जास्त होतं, किल्लेकोट करून राजा सुरक्षित होता. मी वजीर डी४ या घरात आणला आणि समोरचा घोडा ई२ वर येऊन बसला. राजाला शह आणि त्याच घोड्याच्या माऱ्यात वजीर. वजीर गेला, मग डावही गेला.

चार दिवसांत माणसाचा खेळ शंभर गुणांनी बिघडतो का? हा प्रश्न मला झोपू देईना, म्हणून मी हे रेटिंग मुळात काय असतं ते शोधायला बसले.

ही पद्धत आर्पाद एलो यांची. जन्म हंगेरीतला, पेशा अमेरिकेत मिलवॉकीच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवण्याचा, आणि स्वतः उत्तम बुद्धिबळपटू. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये त्यांची पद्धत स्वीकारली, जागतिक संघटनेने १९७० मध्ये. कल्पना सोपी आहे. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधायचा. फरक शून्य असेल तर दोघांना समान संधी. समोरचा २०० गुणांनी वरचढ असेल तर अशा शंभर डावांतून आपल्या वाट्याला साधारण २४ गुण यावेत (हे रेटिंगचे नव्हेत, डावाचे गुण: विजयाला एक, बरोबरीला अर्धा). अंदाजापेक्षा बरं खेळलात तर रेटिंग वाढतं, कमी पडलात तर घटतं. एका डावात रेटिंगचे जास्तीत जास्त १६ गुण हलू शकतात असं धरलं, तर बरोबरीच्या खेळाडूला हरवल्यावर ८ मिळतात, २०० गुणांनी वरच्याला हरवल्यावर १२.

रेटिंग मोजणं कसं असतं, हे एलो यांनीच फार सुंदर सांगून ठेवलंय. पाण्यावर बूच हेलकावतंय, मोजपट्टी दोरीला बांधलेली आहे आणि ती दोरीही वाऱ्याने हलते आहे. अशा पट्टीने बुचाची जागा मोजायची! भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसालाच सुचावी अशी ही उपमा.

हे हेलकावे केवढे असतात, याचा मी कागदावर हिशेब केला. समजा, माझी खरी ताकद १२०० आहे आणि ती तसूभरही बदलत नाही. साइट मला दर वेळी माझ्या त्या क्षणाच्या रेटिंगचाच प्रतिस्पर्धी देते आणि डावागणिक ८ गुण वरखाली होतात. रेटिंग खाली घसरलं की समोर कच्चे खेळाडू येतात आणि ते मला हळूहळू वर ढकलतात, पण हा ओढा अगदी मंद असतो, परतायला चाळीसेक डाव लागतात. तोवर रेटिंग भरकटत राहतं. गणित मांडलं तर ११२५ ते १२७५ हा सगळा पट्टा निव्वळ योगायोगाच्या आवाक्यात येतो. म्हणजे माझे १२५२ आणि ११४८ हे दोन्ही आकडे एकाच माणसाचे असू शकतात, कुठेही काही न बिघडता.

सलग हरण्याचंही तेच. नाणं शंभर वेळा उडवलं, तर त्यात कुठेतरी सलग पाच छापे पडण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. महिन्याला शंभर डाव खेळणाऱ्याला ओळीने पाच पराभव दिसणारच, मग त्याचा खेळ कितीही स्थिर असो.

मोठ्या साइट आता एलोऐवजी ग्लिको नावाची पद्धत किंवा तिची सुधारित आवृत्ती वापरतात. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने ती १९९५ च्या सुमारास मांडली. तिच्यात रेटिंगसोबत आणखी एक आकडा असतो: या रेटिंगवर कितपत भरवसा ठेवावा, तो. बरेच दिवस खेळलो नाही तर भरवसा कमी होतो आणि पुढच्या डावात गुण जोरात हलतात. चार महिन्यांच्या खंडानंतर पहिल्याच डावात मला नेहमीच्या आठऐवजी चौदा गुण मिळाले होते, त्याचा उलगडा मला आत्ता झाला. मला तर वाटतं, हा दुसरा आकडाच पडद्यावर ठळक दाखवायला हवा. नवशिक्यांचा बराच मनस्ताप वाचेल.

तरीही माझी सगळी घसरण योगायोगाच्या नावावर टाकायला मन धजेना. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख जास्त लागतं, आणि गेलेलं भरून काढायला माणूस एरवी घेणार नाही ते धोके पत्करतो. म्हणून त्या आठवड्यातले डाव मी एकेक करून पुन्हा उघडले. रात्रीचे पहिले दोन डाव ठीक होते, हार-जीत मिसळलेली. पराभवानंतर लगेच, पाणी प्यायलाही न उठता सुरू केलेल्या डावांत मात्र माझ्या खेळ्या भराभर पडत गेल्या होत्या.

शनिवारचा डाव सगळ्यात शेवटी पाहिला. ई२ चं घर उघडं होतं, घोडा एका उडीवर होता, दिसायला काहीच अडचण नव्हती. वजीर डी४ वर नेण्याआधी मी दोन सेकंद घेतले होते. घड्याळात दोन मिनिटं शिल्लक होती.