टस्कीगीत सिफिलिस टोचला नव्हता

अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीच्या प्रयोगात सरकारी डॉक्टरांनी कृष्णवर्णीयांना सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराचे जंतू टोचले, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं घडलं नव्हतं. उपचार न केल्यास हा आजार कसा वाढत जातो हे पाहण्यासाठी १९३२ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगातल्या सुमारे ६०० पुरुषांपैकी ३९९ जणांना तो आधीपासूनच होता. उरलेले तुलनेसाठी घेतलेले.

गुन्हा वेगळाच होता, आणि माझ्या मते तो टोचण्याहून सौम्य मुळीच नाही. रुग्णांना आजाराचं नावच सांगितलं नाही. ‘रक्त खराब आहे’, एवढंच. पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची वेदनादायी तपासणी ‘खास मोफत उपचार’ म्हणून खपवली. शवविच्छेदन करता यावं यासाठी अंत्यविधीच्या खर्चाचं आमिष! १९४७ च्या सुमारास सिफिलिसवर पेनिसिलिनचा उपचार रूढ झाला, तरी ते यांना दिलं नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे प्रयोग थांबला.

मुद्दाम लागण करण्याचा प्रकारही घडलाय, पण मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात. १९४६ ते १९४८ दरम्यान टस्कीगीचा प्रयोग चालवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेच्याच डॉक्टरांनी तिथले कैदी, सैनिक आणि मनोरुग्ण यांच्यावर तो केला. हे २०१० पर्यंत दडून राहिलं. त्या डॉक्टरांपैकी जॉन कटलर पुढे टस्कीगीच्या प्रयोगातही होते.