नक्षीच्या सुरीत कापतं काय?

‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हातघडणीच्या सुरीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते. गिऱ्हाईक त्या नक्षीवर भाळतं. कांदा चिरताना मात्र तिचा काहीही उपयोग नसतो.

ही नक्षी बहुधा दोन पोलादांच्या थरांची असते. १०९५ या पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. १५एन२० मध्ये तो ०.७५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि सोबत २ टक्के निकेल. दोन्हींच्या पट्ट्या एकावर एक रचून, टाकणखार घालून, भट्टीत पिवळ्या तापावर घणाखाली सांधतात. कडक आणि मऊ थर आलटून पालटून आल्याने धार टिकते, असं विकणारे सांगतात. ते खरं नाही. त्या तापमानाला कार्बन पातळ थरांमधून झपाट्याने पसरतो आणि सगळीकडे जवळपास सारखा होतो. निकेल मात्र जागचं फारसं हलत नाही. म्हणून फेरिक क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणात बुडवल्यावर निकेलचे थर उजळ राहतात, बाकीचे काळवंडतात. दक्षिण भारतातलं जुनं वूट्झ पोलाद वेगळं. त्यात नक्षी एकाच मुशीतल्या गोळ्यात, कार्बाइडच्या (लोखंड-कार्बनच्या कडक संयुगाच्या) कणांच्या ओळींमुळे उमटायची.

कापण्याचं काम पात्याच्या आकाराचं. २० सेंटिमीटरच्या स्वयंपाकाच्या सुरीची पाठ मुठीपाशी २ ते २.५ मिमी असावी आणि टोकाकडे उतरत १ मिमीखाली यावी. शेवटची धार लावण्याआधी कडेची जाडी ०.२ ते ०.३ मिमी आणि मग दोन्ही बाजूंनी साधारण १५ अंशांची धार. कडेच्या लगेच वर पातं जाड राहिलं तर ते पाचरीसारखं वागतं. कच्चं गाजर कापून बघा: ‘कट्’ असा आवाज येऊन गाजर धारेच्या पुढेच तडकलं, तर पातं जाड आहे, मग धार कितीही तीक्ष्ण असो.

खरी ओढाताण इथेच होते. पातं पातळ करायला घासलं की उमटवलेली नक्षी पुसली जाते. पुन्हा बारीक पॉलिश पेपर, पुन्हा ॲसिड, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुणं. हा व्याप टाळायला काही कारागीर पातं जाडच सोडतात, आणि सुरी फोटोत देखणी व हातात बोजड होते. क्रम उलटा हवा. आधी पातं हव्या तितकं पातळ करून गाजरावर तपासावं, नक्षी त्यानंतर उमटवावी. ॲसिडही बेताचं. थर बोटाला खडबडीत लागेपर्यंत कोरले तर सुरी भाजीत घासत जाते आणि खाचांत ओल साचून गंज धरतो.

पातळ करण्यालाही मर्यादा आहे. जाडी निम्मी झाली की वाकण्याला होणारा विरोध आठवा हिस्साच उरतो. म्हणून पातळ कडेला कडकपणा हवा, रॉकवेल मोजणीत ६० ते ६२. तरीही अशी सुरी मटणाच्या हाडावर चालवली तर कपच्या उडणारच. त्यासाठी जाड पात्याचा सत्तूर वेगळा ठेवावा.

पाणी देण्याआधी, म्हणजे तापवलेलं पातं झटकन थंड करून कडक करण्याआधी, कड ०.८ ते १ मिमी ठेवतात. त्याहून पातळ असली तर तेलात बुडवताना पातं पिळवटतं. पोलाद ७७० अंश सेल्सिअसच्या सुमारास लोहचुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर, ८०० अंशांजवळ, ते झटपट थंड करणाऱ्या तेलात बुडवायचं. १०९५ ला ५५० अंशांखाली यायला जेमतेम सेकंदभर मिळतो. रेंगाळलं तर कडकपणा येत नाही. मग ठिसूळपणा कमी करायला पातं २०० अंशांवर दोन दोन तास, दोनदा तापवायचं. पुढच्या घासाईत कडेवर निळी झाक आली, तर तिथला ताप ३०० अंशांच्या आसपास गेला आणि कडकपणा उतरला. धार लावून तो परत येत नाही, तेवढा भाग घासूनच काढावा लागतो.

पाठीवर कानशीने कोरलेली वेलबुट्टी सुंदर दिसते, पण टोकदार खाचेच्या तळाशी ताण एकवटतो आणि तेलात बुडवताना तिथूनच चीर जाते. गोल कानस वापरावी आणि खाचा आधीच गुळगुळीत कराव्यात. पाठीच्या कडा गोलसर केल्या तर देखणेपण आणि बोटाचा आराम दोन्ही साधतात. आरशासारखी चकाकी मात्र महागात पडते: सपाट, चकचकीत पात्याला बटाट्याचे काप चिकटतात. अंगाला किंचित फुगवटा दिला की ते सुटतात.

मुठीला शिसम शोभतं. पितळेचा जाड तुकडा जोडला की तोल मागे सरकतो. अंगठा आणि तर्जनीने पातं जिथे धरतो, तिथे तोल असावा. मुठीचे दोन्ही भाग चिकटवताना शिकंजा फार आवळू नये, कारण सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तिथे फट पडते आणि पोलाद आतून गंजायला लागतं.